सासऱ्यांच्या हाताची काठी

सून मासेमारीचे रॉड बनवायची. पक्षाघातातून उठलेल्या सासऱ्यांसाठी तिने रॉड बनवायला कार्बनची हलकी, अजून मूठ न बसवलेली काठी निवडली, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पोराचं खेळणं नको. ती जाड दे."

"बाबा, आधी उचलून तर बघा."

तिने जाड काठीच्या टोकाला माशाच्या वजनाऐवजी पाण्याची बाटली बांधली. सासऱ्यांनी दातओठ खात ती उचलली, पण मनगट थरथरलं आणि काठी फरशीवर आदळली. आता बाबा घर डोक्यावर घेणार, असं सुनेला वाटलं.

पण त्यांनी हलक्या काठीकडे बघून नुसती मान हलवली. सुनेने बाटली हलक्या काठीला बांधली. या वेळी काठी वाकली, पण हातातच राहिली.

"मूठ मात्र लांब ठेव," ते खालच्या आवाजात म्हणाले, "कोपराला टेकली पाहिजे, म्हणजे मनगटावर भार येणार नाही."

सुनेने लगेच त्यांच्या हाताचं माप घेतलं.