द्रौपदाकाकूच्या मनगटावरची पट्टी

नूतनची नजर अशी, की टोमॅटोच्या भरल्या क्रेटमधलं एक डागी फळ ती लांबूनच हेरायची. त्याच नजरेवर तिला नारायणगावजवळच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर कार्बनच्या शाईचा लेप चढवायचा. हा लेप उजेड ओळखतो. अशी पट्टी मनगटाला चिकटवली, की कातडीतून परतणाऱ्या उजेडावरून नाडीचे ठोके मोबाईलवर दिसतात. म्हाताऱ्यांच्या सुरकुतल्या कातडीवर मात्र ती आंधळीच. नूतन दोन महिने खपली, लेप आणखी पातळ केला, सावकाश वाळवला आणि पट्टीची नजर तिप्पट तिखट झाली. पुढं आठवडाभर नूतनबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

पहिली पट्टी तिनं आणे पठारावर राहणाऱ्या आपल्या चुलतीच्या, द्रौपदाकाकूच्या मनगटाला लावली. काकूचं हृदय दमलेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टर तपासून गेले. बायांनी तिला माजघरात खाली घेतलं, उशाला तेलाचा दिवा लावला. पट्टी काढायचं कुणाला सुचलंच नाही.

मग काकूच्या नवऱ्यानं, हनुमंतनानांनी, मोबाईल बघितला. छप्पन्न ठोके.

"न्यायची न्हाई," नाना म्हणाले. "जित्ती हाय ती."

रडणं जागच्या जागी थांबलं. नूतननं काकूचा हात धरला. गार पडलेला, ताठत चाललेला. आणि आकडा चालूच होता. तेवढ्यात तिरडीचं सामान आणायला गेलेल्या राकेशनं, काकूच्या मुलानं, दार ढकललं. पठारावरचा वारा आत घुसला आणि आकडा अठ्ठ्याहत्तरवर गेला.

"लेकाला वळखलं तिनं!" नाना ओरडले.

बाया मागं सरकल्या. नूतननंही काकूचा हात सोडला. राकेशनं दार लोटलं, आकडा हळूहळू उतरला आणि नूतनचं लक्ष दिव्याकडं गेलं. मघाशी फडफडणारी ज्योत आता संथ डुलत होती. पट्टी काकूची नाडी नव्हे, ज्योतीचं हलणं मोजत होती. नूतनला स्वतःच्या हुशारीचा संताप आला. सांगावं तर काकूला आपल्या हातानं दुसऱ्यांदा मारायचं. न सांगावं तर नाना प्रेत उचलू देणार नाहीत.

हा दिवा विझवायचा नसतो. ती वाकली आणि दिवा नि मनगट यांच्यामध्ये तिनं दोन्ही तळवे आडवे धरले. मोबाईलवरची रेघ सरळ झाली. शून्य.

"नाना, दिवा व्हता तो," ती फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

नानांनी मोबाईलवरून नजर काढून तिच्या तळव्यांकडं बघितलं.

"हात काढ."

तिनं काढले. आकडा पुन्हा चालू लागला.

"आरती नाशकावरनं निघालीया. लेकीला एवढं बघू दे. मग न्या."

दुपारी दार उघडलं आणि आकडा ब्याऐंशीवर उडाला. आरती आईच्या पायाशी कोसळली. मोबाईल बघून तिनं विचारलं, "नूतन, आईनं ओळखलं का गं मला?"

नूतननं नानांकडं बघितलं.

"व्हय गं. दार वाजलं तवाच."

नाना भिंतीला धरून उठले. राकेशला म्हणाले, "उचला आता."