भावानं तपासलेला डबा

ऑफिसात त्याला सगळे शिक्केसाहेब म्हणत. म्हणजे तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतं शिक्के. विजेच्या वस्तू दुकानात जाण्याआधी त्याच्या टेबलावर यायच्या. शॉक बसतो का, वायर तापते का, हे बघून तो सुरक्षिततेचा शिक्का द्यायचा. तीस वर्षांत आपल्या हातून एकही धोकादायक वस्तू सुटली नाही, हे तो कुणीही न विचारता सांगायचा. लोकांच्या लग्नातसुद्धा!

त्या वर्षी वीज गेली तरी घराची हीटिंग चालू ठेवणारा बॅटरीचा डबा त्याच्याकडे आला. डबा झकास होता, पण त्यात एक गोम होती. घर गरम ठेवणाऱ्या जुन्या गॅसच्या भट्टीला आपली ज्योत पेटलीय हे अर्थिंगच्या वाटेनं कळतं, आणि भट्टी या डब्यावर चालवली की ती वाटच तुटायची. भट्टी पेटायची, तिला ज्योतीचा पत्ता लागायचा नाही, आणि चार सेकंदांत ती स्वतःच गॅस बंद करायची. आता यात शॉक कुणाला बसणार? जुन्या भट्टीवर डबा चालतो की नाही, हे नियमात कुठं विचारलेलंच नव्हतं. त्यानं अहवालात अकराव्या पानावर एक ओळ लिहिली आणि शिक्का दिला. अकरावं पान वाचतंय कोण!

थंडी सुरू झाली तशी एका दुपारी ताईचा फोन आला. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं होतं, त्याच्या शिक्षणापायी स्वतःचं लग्न दोनदा पुढं ढकललं होतं. आता ती थकलेली, एकटी, त्याच जुन्या घरात राहत होती.

“अरे, मी तो डबा घेतला. दुकानदार दुसराच गळ्यात मारत होता. म्हटलं, माझ्या भावाचा शिक्का असलेला दे! चार बायका उभ्या होत्या, सगळ्यांना ऐकवलं.”

ताईच्या तळघरातली भट्टी त्याला चांगलीच ठाऊक होती. लहानपणी तिच्याच उबेला बसून त्यानं अभ्यास केला होता. फक्त एवढंच सांगायचं होतं की ताई, तुझ्या भट्टीवर हा चालणार नाही, रविवारी येऊन नीट करून देतो. दहा मिनिटांचं काम. पण स्वारी हुरळली होती ना! ताईनं त्याच्या नोकरीचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. “मग! आहेच तसा,” तो म्हणाला. बाकीचं सावकाश सांगू, असं त्यानं ठरवलं. आग लागो त्या सावकाशला.

महिन्याभरात वादळानं तारा तुटल्या आणि दोन दिवस वीज आली नाही. फोन बंद, रस्ते बंद. हा आपल्या घरात नुसता येरझाऱ्या घालत होता. ताईची शेजारीण तिला दोनदा बोलवायला गेली, तिच्याकडं लाकडांची शेगडी होती. ताईनं तिला दारातूनच परत पाठवलं. “माझ्या भावानं तपासलाय, होईल सुरू.” तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला ती तळघरात सापडली. डब्यासमोरच्या स्टुलावर, अंगात दोन कोट, ओठ निळे पडलेले.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा तिची छाती घरघरत होती, पण ती शुद्धीवर होती. त्याला बघून ती चक्क ओशाळली.

“चिडू नकोस हं. मीच वेंधळी. बटणं उलटसुलट दाबली असणार. तुझ्या डब्याला कुणी नावं ठेवायला नकोत, नर्सलाही तेच सांगितलंय.”

अरे, आता तरी बोलायचं माणसानं! त्यानं तोंड उघडलंसुद्धा. मग तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “असू दे ताई. होतं असं कधीकधी.”

गुरुवारी ती गेली.

त्यानंतर त्यानं शेजारणीला सगळं सांगितलं. ऑफिसात वरच्या साहेबांना लेखी दिलं, दुकानदाराला गाठून सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. जिला सांगायचं होतं ती मात्र स्वतःला वेंधळी समजूनच गेली.