गुप्त म्हणजे काय गो?

"पोस्टमन पत्रं वाचत बसतो का गं?"

सरांनी मला भर मीटिंगमध्ये विचारलं. शहरातल्या संशोधन संस्थेचे मोठे डॉक्टर ते, आणि मी त्यांची मुरबाडकडची फील्डवर्कर. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मी मागितलं काय होतं? एक रिपोर्ट. माझ्या वहिनीचा.

सिद्धगडाच्या पायथ्याला आमची वाडी. तीन वर्षांपूर्वी संस्थेने तिथे सिकलसेल तपासायला घेतला. रक्तातला आजार, आईबापाकडून येणारा. परक्या माणसाला वाडीत कोणी बोट देईना, म्हणून मला कामाला ठेवलं. बारावी पास, घरची बोली येणारी. फॉर्मवर छापलेलं, 'आपली माहिती गुप्त ठेवण्यात येईल.' आत्येने विचारलं, "गुप्त म्हंजी काय गो?" मी ऐटीत सांगितलं, "तुजं तुज्यापाशी राहील. दुसऱ्याला कलणार नाय." आणि रिपोर्ट? "भेटंल." माझ्या शब्दावर वाडीने अंगठे उठवले. वहिनीने सगळ्यांच्या आधी हात पुढे केला, कारण सुई मी टोचणार होते.

रिपोर्ट आलेच नाहीत. विचारलं की सर "होईल" म्हणायचे. मग मीच विचारायचं सोडलं.

पुढे वहिनीला दिवस गेले. सातव्या महिन्यात हातपाय असे दुखायला लागले की तिला उठवेना. तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "सिकलसेल तपासला होता का कधी?" मी म्हटलं, तपासलाय, संस्थेकडे आहे. मॅडमनी स्वतः सरांना फोन केला. मॅडम पण डॉक्टर, सर पण डॉक्टर. तरी मिळाला नाही. म्हणून मी मीटिंगमध्ये उठले आणि ते पोस्टमनचं ऐकून घेतलं. वर सर म्हणाले, "आमचा संशोधनाचा पेपर छापून येईपर्यंत डेटा बाहेर जाणार नाही. दुसरे संशोधक टपून बसलेत. आणि माहिती गुप्त असते, तूच फॉर्म वाचून दाखवतेस ना?"

गुप्त. वहिनीपासूनसुद्धा. मी वाडीला नेमकं उलटं सांगून बसले होते. तरी मूग गिळून खाली बसले.

मॅडमनी रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. उत्तर यायच्या आत मूल पोटातच गेलं. वहिनी वाचली. मागाहून आलेल्या कागदावर सिकलसेल लिहिलेलं. सरांच्या कॉम्प्युटरमध्ये ते दोन वर्षं पडून होतं. आत्ये म्हणाली, "तूच बोललीस ना गो, भेटंल म्हणून."

दोन महिन्यांनी सर पुढच्या फेरीला स्वतः वाडीत आले. समाजमंदिरात बायका ओळीने बसल्या. सरांनी फॉर्म माझ्या हातात दिला. "समजावून सांग यांना."

मी सांगितलं. आमच्याच बोलीत, पण सरांनाही कळेल असं सावकाश. "गुप्त म्हंजी तुमालाच कलणार नाय. मागं मी खोटं बोलली. मागचे रिपोर्ट हातात येत नाय तवर कोनी बोट देऊ नका."

आत्येने हात पदराखाली घेतला. मग बाकीच्यांनी.

"तुला काढून टाकीन," सर म्हणाले.

"टाका," मी म्हटलं.

आता मी वाडीवाडीत बसून संस्थेकडे रिपोर्ट मागायचे अर्ज लिहिते. एका माणसाचा एक अर्ज, त्याच्या नावाने, त्याच्या अंगठ्याने. उत्तर नाही आलं की पुन्हा लिहिते. माझी लाज जात नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. आमचं रक्त काय सांगतंय ते आधी आम्हाला कळेल, मग तुमच्या पेपरला.