माझ्या नावाचे तांबे

माझ्या धाकट्या जावेवर मी जळायचे. आता लपवून काय करू? ती खांद्याला पिशवी लावून सकाळी गल्लीत निघाली, की दारादारातून बाया तिला हाका मारायच्या आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमचं गाव अल्लीपूरच्या पुढं, बस जिथं वळून परत जाते तिथलं. त्या गावात तिच्याआधी कितीतरी वर्षं फक्त मलाच हाका पडत होत्या.

मी अंगणवाडीची बाई. गावातली अर्धी पोरं माझ्या हाताखालून शाळेत गेली. पावसाळ्यात कोणाच्या लेकराला हगवण लागली की आई आधी माझ्याकडे यायची. मी ओआरएसची पुडी द्यायचे, पाणी कसं करायचं ते सांगायचे. उपकेंद्रातल्या सिस्टरनं आम्हाला शिकवलं होतं, एक लिटर पाण्यात एक पुडी. पण कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईला लिटर काय सांगणार? माझ्याकडे माहेरचा पितळी तांब्या होता, दोन हातांनी उचलावा लागेल असा. त्यात बरोबर लिटरभर पाणी मावायचं. म्हणून मी सोपं करून टाकलं, ‘एक तांब्या, एक पुडी’. गावभर तेच पाठ झालं. नव्या सुनासुद्धा तेच म्हणायच्या, आणि मला फार बरं वाटायचं.

मग जाऊ गावची आशा सेविका झाली. तिचा फॉर्म मीच भरून दिला, बरं का! माझ्याच हातानं मी हे दुखणं घरात आणलं. पुड्या तिच्याकडे आल्या, झिंकच्या गोळ्या तिच्याकडे आल्या. दर पावसाळ्यात हगवणीची मोहीम निघाली की ती घरोघर जायची. पिशवीत लिटरची बाटली. प्रत्येक घरात बसून बाटलीनं पाणी मोजायची, तिथल्याच भांड्यात ओतायची आणि जिथवर पाणी आलं तिथं नखपालिशनं लाल रेघ मारायची. मी हसायचे. म्हणायचे, “माय वं! आता भांड्यायलेही नट्टापट्टा करून राह्यली हे.” बायाही हसायच्या. पण रेघ कोणी पुसत नव्हतं.

झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची. संडास तिसऱ्या दिवशी थांबते, मग आया गोळी सोडून देतात. मी दोनदा सांगून सोडून द्यायचे. ही रोज दारात उभी. “दिली का वं? दाखव गोळ्यायचा पत्ता.” लेकरं तिला पाहून गोळीच्या चमच्यासाठी तोंड उघडायची. माझ्या अंगणवाडीतली लेकरं! मला हे बघवायचं नाही.

त्या वर्षी संक्रांतीला मी ठरवलं, वाण असं लुटायचं की गावानं नाव काढलं पाहिजे. हिंगणघाटला जाऊन स्टीलचे तांबे आणले. दुकानातल्या पोराकडून प्रत्येकावर माझं नाव कोरून घेतलं. मशीन घरघर करत होतं आणि मी मनात म्हणत होते, मार म्हणावं आता रेघा. हळदीकुंकवाला सगळ्या बाया आल्या. जाऊही आली. तिनं तांब्या हातात घेतला, आत पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “ताई, लहान नाई का थोडा? पुडीसाठी म्हणते मी.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सगळ्यांसमोर म्हणाले, “तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं? घ्यायचा असन तं घे, नाई तं ठेव.” तिनं तांब्या कपाळाला लावला आणि घेतला. मी बायांना मुद्दाम ऐकू जाईल असं सांगितलं, “ध्यानात ठेवा वं, एक तांब्या, एक पुडी.”

श्रावणात लेक माहेरी आली, दहा महिन्यांची नात घेऊन. चौथ्या दिवशी नातीला हगवण लागली. लेक लगेच म्हणाली, “आई, काकूले बोलाव.” झालं! माझ्या पोटच्या पोरीलाही माझ्यापेक्षा काकू बरी! मी म्हटलं, “तू कोणाच्या हातानं वाढली? काकूच्या?” घरात जुन्या पुड्या होत्या. मी हात धुतले, नव्या तांब्यात पाणी घेतलं, पुडी ओतली, ढवळली. माहेरचा पितळी तांब्या फळीवर होता. पण तो घेतला नाही. माझं नाव याच्यावर होतं.

पोरगी काय पीत होती! चमचा सोडेना. मी लेकीला म्हटलं, “पाहा, कशी आवडीनं घेते.” दुपारपर्यंत अख्खा तांब्या संपवला. मी दुसरी पुडी केली, तशीच, आणि लेकीला देत राहा म्हणून सांगून अंगणवाडीत गेले. त्या दिवशी पोरांचं वजन घ्यायचं होतं.

घरी परत आले तर जाऊ माझ्या जागेवर बसलेली. नात तिच्या मांडीवर. रडणंसुद्धा धड रडत नव्हती, नुसती कण्हत होती. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, टाळू आत बसलेली. आणि तरी चमचा दिसला की हात पुढं करत होती. लेकीनं माझ्या माघारी काकूला बोलावलं होतं. मला आधी राग आला तो याचाच. खोटं कशाला सांगू? पोरीकडे नीट पाहायच्या आधी मला राग आला.

जावेनं तांब्यातलं पाणी बोटानं जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं तिचं. तिनं उरलेलं औषध फेकलं, माझा तांब्या साध्या पाण्यानं काठोकाठ भरला, पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि तिच्यात ते पाणी ओतलं. तांब्या रिकामा झाला आणि पाणी बाटलीच्या अर्ध्याच्या थोडं वर येऊन थांबलं. लेक बाटलीकडे पाहत होती, मग माझ्याकडे.

“ताई, पुडी एका लिटरची हाये,” जाऊ म्हणाली. “मिठानं तहान वाढते लेकराची.”

जावेनंच ऑटो बोलावला, तीच दवाखान्यात पुढं झाली, डॉक्टरांना सगळं नीट तिनंच सांगितलं. फक्त तांब्याचं सांगताना म्हणाली, “घरात माप चुकलं.” कोणाचं ते म्हणाली नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला म्हणत होते, माझं नाव मातीत जाऊ दे, पण पोरगी राहू दे. पोरगी राहिली. तिसऱ्या दिवशी घरी आली. त्यानंतर जाऊ रोज सकाळी गोळी विरघळवून चमचा घेऊन यायची आणि नात तिला पाहून हसायची. मला पाहून हसायची नाही. की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

एके दिवशी चमचा धुता धुता जाऊ म्हणाली, “ताई, तांबे घरोघर आहेत. मी सांगीन का, की पुडी बदलली, आता बाटलीनंच मोजा म्हून? तुमचं नाव निघणार नाई.”

इतकी चांगली का आहे ही बाई? मला तिचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नको,” मी म्हटलं. “माहं मी सांगीन. तू फक्त संग येजो.”

पहिल्या दोन घरी सोपं गेलं. त्यांनी तांब्या कधी वापरलाच नव्हता, देवाजवळ ठेवला होता. तिसरं घर एका मजूर बाईचं. तिचं पोरगं आषाढात हगवणीनं दवाखान्यात राहून आलं होतं. आता अंगणात खेळत होतं, पण हातपाय काड्यांसारखे. तिनं मला पाहिलं आणि लगबगीनं आत जाऊन पाणी आणलं, त्याच तांब्यात. माझं नाव माझ्याचकडे तोंड करून होतं.

मी सांगितलं. तांब्या लहान आहे, चूक माझी आहे, पुडीला लिटरभर पाणी लागतं. ती ऐकत राहिली. मग पोराकडे पाहून म्हणाली, “म्हूनच तं, बाई. तांब्या संपला का अजून मागे, अजून मागे. मी म्हणलं, बाईच्या तांब्यातलं औषध गोड लागून राह्यलं याले. म्हून मी देतच गेली.”

मी तिथंच ओट्यावर बसले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाणी प्या म्हणून तिनं तांब्या पुन्हा पुढं केला. जावेनं पिशवीतून बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती भरली आणि त्या बाईसमोर पाणी मोजायला लागले.