लादी चालवणारी बुरुलचा

नारिन या डोंगरातल्या शहरात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बुरुलचाचं अर्धं आयुष्य पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलं होतं. हाताला कायम डिंकाचा वास. चिठ्ठी लागली की पुस्तक खालच्या मजल्यावर जाई. पुढे ते कोण वाचतं, हे तिला कधी दिसलं नाही. त्याचं तिला दुःख होतं असंही नाही. काम बरं होतं, खिडकीतून नदी दिसे, आणि शेजारच्या टेबलावर कुलीपा होती, जिच्या तोंडाला दिवसभर उसंत नसे.

मागच्या वर्षी ग्रंथालयाने एक नवं काम अंगावर घेतलं. अट-बाशीच्या खोऱ्यातल्या कितीतरी बायका पोरंबाळं, गुरंमेंढरं सांभाळून विद्यापीठाचा अभ्यास करत आणि परीक्षेपुरत्या शहरात येत. त्यांना पुस्तकं गावातच नेऊन द्यायचं ठरलं. विद्यापीठाने एक जुनी करडी गाडी दिली. पावाच्या लादीसारखी दिसे, म्हणून सगळे तिला लादीच म्हणत. पण दोन-चार फेऱ्या झाल्या आणि ड्रायव्हर रशियाला कामाला निघून गेला. लादी अंगणात उभी राहिली. टपावर कबुतरं बसू लागली.

ग्रंथालयाच्या प्रमुख खानशाइमने सगळ्यांना चहाला बोलावलं. "गावांतून फोनवर फोन येताहेत. नवा ड्रायव्हर कधी मिळेल देव जाणे. आपल्यातलं कुणी गाडी शिकेल का?"

सगळ्याजणी चहाच्या वाट्यांत बघू लागल्या.

"मी शिकते," बुरुलचा म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"अगं, तुला सायकल तरी येते का?" कुलीपाने विचारलं.

"नाही. घोडा येतो."

अवघड होतं ते घरी सांगणं. तिचा नवरा एशिम नारिन ते बिश्केक टॅक्सी चालवायचा, आणि त्या रस्त्यावर आपल्याइतकं कुणाला काही कळत नाही असं त्याचं ठाम मत होतं.

"पन्नाशी उलटली तुझी," तो म्हणाला. "आता काय, विमान उडवणार?"

"आधी लादी. विमानाचं मागाहून बघू."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

"कोण लावतंय? मोज्यांचा वास येतो तुमच्या गाडीला."

ती शिकवणीला जाऊ लागली. बरोबरची सगळी तिच्या पोरांच्या वयाची. सपाटीवर तिला बरं जमायचं, पण परीक्षेत चढावर थांबून गाडी पुढे काढायची होती. तिथे शिकवणीची गाडी मागे घरंगळली आणि खुणेचा खांब आडवा झाला. बुरुलचा घरी पोचायच्या आत टॅक्सीच्या अड्ड्यावरून बातमी पोचली होती. एशिम हसून हसून पार खोकू लागला.

बुरुलचा एक शब्द बोलली नाही. कणीक लाटत राहिली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिने टोमणा परत केला नाही असं एशिमने पाहिलं नव्हतं. रात्रीचं जेवण त्याला गोड लागलं नाही.

सकाळी ती कामाला निघाली, तर दारात टॅक्सी उभी. एशिम ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर बसलेला.

"बस," तो म्हणाला. "खिंडीच्या चढावर जाऊ. क्लच कानाने ऐकायचा असतो. तुझ्या मास्तराला काय कळतंय."

चढावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तो ओरडला की हिचा पाय क्लचवरून सुटे. शेवटी तिने गाडी कडेला घेतली. "तुम्ही उतरा खाली. तुम्ही शेजारी असलात की मला क्लच ऐकूच येत नाही."

एशिम उतरला आणि हात पाठीमागे बांधून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ती एकटी वर गेली, मध्येच थांबली, पुन्हा निघाली. गाडी तसूभरही मागे आली नाही. वळून परत आल्यावर तो आत बसला आणि नुसतं "हं" म्हणाला. त्याच्याकडून ते पुष्कळ होतं.

पुढच्या खेपेला ती पास झाली.

पहिल्या फेरीला कुलीपा बरोबर आली आणि खिंड उतरेपर्यंत पुटपुटत प्रार्थना करत होती. उतरणीला मेंढरांनी रस्ता भरून गेला. घोड्यावरच्या मेंढपाळाने वाकून आत पाहिलं.

"एजे," तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, "ड्रायव्हर कुठंय?"

"मीच."

त्याने जरा विचार केला आणि कळप बाजूला हाकला. "जा मग. पण हळू, पुढं आमची एक म्हातारी मेंढी लंगडतेय."

गावातल्या शाळेत बायका वाटच बघत होत्या. कडेवर मूल घेतलेली उपेल नावाची शिक्षिका एका पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत होती.

"ही चिठ्ठी मी लावलेली," बुरुलचा म्हणाली.

"वाकडी लागलीये, एजे."

"असेल. ही कुलीपा बोलत असणार तेव्हा."

बायका हसल्या. मग साय आणि गरम पाव खाल्ल्याशिवाय त्यांनी दोघींना सोडलं नाही, आणि येताना लादीत बटाट्यांचं पोतं टाकलं.

वर्षाअखेरीच्या सभेत खानशाइमने ग्रंथालयाचं काम वाचून दाखवलं: जुन्या वर्तमानपत्रांचे फोटो काढून झाले, दोन प्रदर्शनं भरली, कुलीपा बिश्केकला प्रशिक्षण घेऊन आली, आणि बुरुलचाने गाडीचा परवाना मिळवून खोऱ्यातल्या गावांना पुस्तकं पोचवली. टाळ्या पडल्या. बुरुलचाचे कान तापले, पण तिला बरं वाटलं.

वसंतात एशिमची टॅक्सी दुरुस्तीला गेली. त्याला अट-बाशीला बहिणीकडे जायचं होतं. "तुमच्या लादीत जागा असेल का?" त्याने आडून विचारलं.

"मागे, पुस्तकांत. पुढची जागा कुलीपाची."

तो निमूट मागे बसला. दुसरा कुणी चालवत असला की एशिम डोळे टक्क उघडे ठेवून रस्ता बघतो, हे सगळ्या नारिनला ठाऊक. चढ लागला, क्लचचा आवाज बदलला, तशी बुरुलचा त्याच्या बोलण्याची वाट बघू लागली. कुलीपाने मागे वळून पाहिलं.

"झोपलाय," ती म्हणाली. "तोंड उघडं टाकून."

"झोपू दे," बुरुलचा म्हणाली, आणि गियर बदलला.