अण्णांचा उशीर

अण्णांनी बत्तीस वर्षं घाऊक बाजारात लिलाव पुकारले. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत यांचं उत्तर तयार. अर्धांगवायूने वाचा गेली तेव्हा धाकट्या मुलाने, जो प्रोग्रामर होता, त्यांना बोलायला एक प्रोग्राम लिहून दिला. डाव्या हाताने टाइप करायचं, बटण दाबायचं, की लॅपटॉप बोलायचा. साधीच स्क्रिप्ट होती, सूचनांच्या काही ओळी, पण अण्णा पुन्हा पाहुण्यांची फिरकी घेऊ लागले आणि धाकट्याची कॉलर ताठ झाली.

मग जुना लॅपटॉप बंद पडला. नवा आला तो नव्या जातीच्या प्रोसेसरचा. धाकट्या साहेबांनी प्रोग्राम जसाच्या तसा उचलून त्यावर ठेवला. चालला, म्हणजे विषय संपला.

पण आता बटण दाबल्यावर अण्णांचं उत्तर चार-पाच सेकंदांनी यायचं. तोवर गप्पा पुढे गेलेल्या असायच्या आणि त्यांचा विनोद भलत्याच वाक्यावर येऊन पडायचा.

"मशीनचं काही नाही ना रे?" त्याच्या थोरल्या ताईने दोनदा विचारलं.

"नवंकोरं आहे, ताई. अण्णाच मंदावलेत आता."

हे तो अण्णांच्या देखत म्हणाला. पुढे पाहुण्यांनाही तेच सांगू लागला, आणि अण्णांच्या वतीने उत्तरंही देऊ लागला. हळूहळू अण्णांनी लॅपटॉप उघडणंच सोडलं. धाकट्याला, खरं सांगायचं तर, ते सोयीचं वाटलं.

आठ महिन्यांनी धाकट्याच्या ऑफिसात छपाई विभागातल्या बाईंनी तक्रार केली, नव्या कॉम्प्युटरवर लेबलांचा प्रोग्राम रखडतो. हा ऐटीत जाऊन उभा राहिला.

"चालू प्रोग्रामांची यादी उघडा. इथे लिहिलंय बघा, जुन्या प्रोसेसरचा. तुमची स्क्रिप्ट ठीक आहे. ती चालवणारं इंजिन जुनं आहे, म्हणून या प्रोसेसरला दर वेळी मध्ये दुभाष्या लागतो. इंजिन बदललं की झालं."

"आणि मी आपली समजत होते, माझाच हात बसत नाहीये," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. अर्धी सुट्टी टाकून तो घरी आला. अण्णांच्या लॅपटॉपवरही तेच जुनं इंजिन होतं; ते बदलायला वीस मिनिटं लागली. स्क्रिप्टच्या एका अक्षरालाही हात लावावा लागला नाही. नवीन आवृत्ती टाकली असं म्हणून वेळ मारून नेता येईल, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. त्याची त्याला आणखीच लाज वाटली.

अण्णांनी काहीतरी टाइप करून बटण दाबलं. आवाज तत्क्षणी आला. ते दचकले, स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग टाइप केलं, "डॉक्टरांच्या नव्या गोळ्या लागू पडल्या वाटतं."

धाकट्याला मान वर करवेना.

"गोळ्या नाहीत, अण्णा. माझी चूक होती. प्रोग्राम अडत होता, तुम्ही नाही. आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो..."

अण्णांचा डावा हात हलला, आणि बटण दाबताक्षणी लॅपटॉप बोलला, "आधी ताईला फोन लाव. बाकीच्यांची नावं मी सांगतो."