कानामागचं मशीन आणि सासूबाईंची पिशवी

माझा नवरा बहिरा होत चाललाय असं माझ्या सासूबाईंना वाटत होतं, आणि आम्ही दोघं ते खुशाल वाटू देत होतो.

२०२०च्या सुरुवातीला त्या वर्ध्याहून आमच्याकडे आयर्लंडमध्ये ड्रोहेडाला आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. नवरा डब्लिनच्या कंपनीचं काम घरीच, जेवणाच्या टेबलावर करायचा. मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीला, त्यामुळे लॉकडाउन असो नाहीतर प्रलय, मला शिफ्टला जावंच लागायचं. त्याची पाठ आधीच दुखरी, त्यात त्या लाकडी खुर्चीने तिची पार वाट लावली. मग केमिस्टकडून कोडीनच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आणणं सुरू झालं. इथे त्या चिठ्ठीशिवाय मिळतात, फक्त फार्मासिस्ट चार प्रश्न विचारतो. एकाने जास्त विचारले की हा दुसऱ्याकडे. मला वाटायचं, गडी भर पावसात पायी फिरायला जातो, चला, तब्येतीची अक्कल आली. कसलं काय! हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांखाली रिकाम्या पाकिटांची चळत सापडली. तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "पाठ केव्हाच बरी झाली गं. आता गोळी नाही घेतली तर सगळंच दुखतं."

त्यानंतर मला राग धरून बसता आलं नाही.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी गोळ्या हळूहळू कमी करत आणल्या. पण शेवटची गोळी काही सुटेना. घाम, जुलाब, पाय तर अंथरुणात नुसते झाडत राहायचे, की हा उठून परत केमिस्टकडे. मग त्यांनी एक मशीन सुचवलं. अंगठ्याएवढं, कानामागे चिकटवायचं. त्यातून केसासारख्या तारा निघतात, त्यांच्या टोकांच्या बारीक सुया कानावर टोचून बसवायच्या. तिथल्या नसांना विजेचे हलके ठोके मिळत राहतात आणि काहींना त्याने गोळी सुटतानाचा त्रास सुसह्य होतो. मी क्वालिटीवाली, मी त्यांना पुराव्याबद्दल आडवंतिडवं विचारलं. त्या सरळ म्हणाल्या की पुरावा अजून थोडका आहे. मशीन शरीराचा आरडाओरडा जरा कमी करेल, बाकीचं यालाच करायचंय. आणि मशीन असताना त्या जातीची एकही गोळी पोटात गेली, की मागचं सगळं पाण्यात. खोटी आशा दाखवली नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

"आईला कळता कामा नये," घरी येताना नवरा गाडीत म्हणाला. माझे सासरे दारूने गेले. आईंनी लहानपणापासून याला एकच गोष्ट पढवली होती, बापाच्या वाटेला जाऊ नको. त्यामुळे आम्ही त्यांना सांगितलं, कानाची नस आखडली आहे, त्याचं हे मशीन.

"मायबाई! या वयात कान गेले पोट्ट्याचे!" त्यांनी कपाळाला हात लावला, आणि त्या क्षणापासून त्या त्याच्याशी ओरडून बोलायला लागल्या. "चाय मांडू का रे तुह्यासाठी?" मीटिंगमध्ये पलीकडच्या आयरिश माणसाने काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? "ग्रँड, ग्रँड," म्हणजे सगळं झकास, असं नवरा इथल्या लोकांसारखं म्हणाला आणि घाम पुसत त्याने सुट्टी टाकली. मी मोरीत तोंड दाबून हसले. हसू आलं हेच खूप होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिफ्टहून आले तर आई स्वयंपाकघरात खुशीत कढी ढवळत होत्या. "पोरगं थंडीनं कापून राहिलं होतं बापा. पाय आपटून राहिलं होतं. मी देली त्याले माह्या गुडघ्याची गोळी. पडते आता आराम."

मी ओट्यावरचं पाकीट उचलून त्यावरचं औषधाचं नाव वाचलं.

भारतातून येणाऱ्या प्रत्येक आईबरोबर औषधांची एक पिशवी येते. प्रेशरच्या, पित्ताच्या, गुडघ्याच्या, शिवाय 'असू दे, लागली तर' म्हणून आणलेल्या गोळ्या. इथे डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत आजार स्वतःच कंटाळून निघून जातो, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी त्या पिशवीतलं खाल्लेलं आहे. घरातली एकूणएक गोळी मी शोधून बाहेर काढली होती. कोटांचे खिसे उलटे केले होते. पण या पिशवीकडे माझं लक्षच गेलं नाही. ती आम्हाला औषधं वाटतच नाही ना, लोणच्याच्या बरणीसारखी ती आईची वस्तू! आणि त्या गुडघ्याच्या गोळीत नेमकं कोडीनच्याच जातीचं औषध होतं.

मी धावले. नवरा जिन्यात पायरीवर बसला होता, ब्लँकेट गुंडाळून, मूठ आवळून.

"घेतलीस?"

त्याने मूठ उघडली. गोळी घामाने विरघळायला लागली होती, तिचा पिवळा रंग तळहाताला लागला होता.

"आई देऊन गेली तेव्हापासून धरून बसलोय," तो म्हणाला. "खातापण येईना, टाकतापण येईना. कानात टकटक चाललीय, तेवढंच ऐकतोय."

मग तो कठड्याला धरून उठला, स्वयंपाकघरात गेला आणि गोळी आईंसमोर ओट्यावर ठेवली. "आई, माझे कान चांगले आहेत. हे मशीन गोळ्यांचं व्यसन सुटावं म्हणून आहे. ही खाल्ली असती तर सगळं परत सुरू झालं असतं. बाबांसारखंच झालं गं माझं."

आता आकाश कोसळणार म्हणून मी उभीच राहिले. आईंनी गॅस बंद केला. खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे पाहिलं, "तुले मालूम होतं?" मी हो म्हटलं. मग त्यांनी ती ओली गोळी बोटाने स्वतःकडे ओढली.

"तुह्या बापानं हातातलं कधी खाली ठेवलं नाई," त्या म्हणाल्या. "तू ठेवलं."

एवढं त्या हळू आवाजात बोलल्या. मग आपल्या खोलीतून पिशवी आणली आणि गुडघ्याच्या गोळ्यांची सगळी पाकिटं माझ्या हातात दिली. "औषधाच्या दुकानात देऊन ये हे. थे फेकतीन."

"आई, आणि तुमचे गुडघे?"

"गुडघे माहे हायत पोरी. पाहीन मी."

काही दिवसांनी मशीन निघालं. नंतरही वाईट दिवस आले, पण गोळी परत आली नाही. त्यात मशीनचं श्रेय किती, त्याचं किती, हे मला क्वालिटीवालीलाही सांगता येत नाही. आईंचं मात्र मी रोज पाहत होते. २०२१मध्ये परत जाईपर्यंत त्या सकाळी तिरक्या होऊन, कठड्याला लोंबकळत जिना उतरायच्या. त्यांची चाहूल लागली की नवरा मीटिंग म्यूट करून जिन्याशी जायचा आणि हात पुढे करायचा.

"खूप दुखतंय का गं?"

"नाई रे," त्या म्हणायच्या, आणि खाली पोचल्यावरसुद्धा त्याचा हात सोडायच्या नाहीत.